नवा नळ बसवला आणि धार बारीक झाली, तर

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात ठिबकचं सामान, अर्ध्यात नळ, शॉवर, सिंक. एका बाजूला केळीवाले उभे, दुसऱ्या बाजूला घर बांधणारे. घर बांधणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "भाऊ, नवा नळ शे, पन पानीच येत नही." नळ काढून पिशवीत घालून आणलेला असतो आणि माणूस तापलेला असतो. तापणारच. ज्या जुन्या पितळी नळाचा वायसर गेला म्हणून रात्रभर टिपटिप ऐकली, तो या चकचकीत नळापेक्षा दुप्पट पाणी देत होता.

पिशवी उघडायच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो. टाकी कुठं ठेवली आहे? आणि स्वयंपाकघर कोणत्या मजल्यावर? अर्धं दुखणं तिथंच कळतं. उरलेलं घरी शोधायचं, आणि त्याला दर वेळी प्लंबर लागतो असं नाही. एक बादली, एक लिटरचं माप, मोबाइलमधलं घड्याळ, एक स्क्रू पाना, जुना टूथब्रश आणि फडकं एवढं जवळ ठेवा. नळच मुळात बिघडलेला निघाला असं क्वचित होतं. म्हणून तो काढण्याची घाई सगळ्यात शेवटी.

आधी माप घ्या

पाणी कमी आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. नव्या नळाच्या तोंडाशी जाळी असते, ती पाण्यात हवा मिसळते. त्यामुळं धार जाड नि पांढरी दिसते, पाणी मात्र थोडंच असतं. उलटही होतं, धार बारीक दिसते पण भांडं भरभर भरतं.

एक लिटरचं माप नळाखाली धरा, नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा. १० सेकंदांत भरलं तर मिनिटाला ६ लिटर पाणी येतंय, सिंकच्या नळाला एवढं पुष्कळ झालं. १५ सेकंद म्हणजे ४ लिटर, घरात कुरकुर होईल पण काम अडत नाही. २०-२५ सेकंद लागायला लागले की बगुणं भरताना माणूस वैतागतो. ३० सेकंदांच्या वर गेलं तर कुठंतरी काही अडकलंय किंवा बंद राहिलंय असं धरून चाला.

हे माप दोन वेळा घ्या. एकदा टाकी काठोकाठ भरलेली असताना आणि एकदा ती तळाला आल्यावर. दोन्हींत फरक येणार, तो का ते पुढं सांगतो. त्याच टाकीवरच्या न्हाणीतल्या नळाचंही माप घ्या. घरातले सगळेच नळ मंद असतील तर सिंकखाली डोकं घालून उपयोग नाही, सरळ गच्चीवर जा. फक्त स्वयंपाकघरातलाच मंद असेल तर दोष नळापासून भिंतीपर्यंतच्या हातभर जागेत असण्याची शक्यता जास्त. आणि नळ मिक्सर, म्हणजे गरम-गार दोन्ही पाणी देणारा असून फक्त गरम बाजूच मंद असेल तर गिझर तपासा. त्याच्या आत यायच्या तोंडाशी एकेरी व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, तो क्षारानं जाम होतो.

आणखी एक. सिंकचा नळ टाकीवर आहे की नगरपालिकेच्या सरळ लाइनवर, हे नक्की माहीत करून घ्या. आपल्याकडे पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातला एक नळ सरळ लाइनचा ठेवतात. त्याचा दाब त्या दिवशी पाणी किती जोरात सुटलंय आणि गल्लीत तुमचं घर कितवं, यावर असतो. सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक माप येईल आणि सगळी गल्ली भरायला लागली की दुसरं. त्यात नव्या नळाचा काय दोष?

जाळी

बहुतेकांचं काम इथंच होतं, म्हणून इथं घाई करू नका.

सिंकच्या भोकावर आधी फडकं ठेवा, नाहीतर जाळीतलं बारीक रबर निसटून गटारात जातं आणि मग ते एकटं सहसा विकत मिळत नाही. नळाच्या तोंडाची चकचकीत कडी हातानं फिरवा. खालून वर बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं ती सुटते. हातानं सुटली नाही तर कडीवर फडकं गुंडाळून वरून पक्कड लावा. नुसती पक्कड लावली की क्रोमवर दात उमटतात. काही नळांची जाळी तोंडाच्या आत दडवलेली असते, बाहेर कडी दिसतच नाही. तिच्यासाठी खोक्यात प्लॅस्टिकची छोटी गोल किल्ली येते. ती किल्ली फिटिंग झाल्यावर लगेच कचऱ्यात जाते, सगळ्यांच्याच घरी. तुम्ही ती सिंकखालच्या दाराला आतून चिकटपट्टीनं चिकटवून ठेवा.

जाळी सुटली की आतले थर कोणत्या क्रमानं आहेत त्याचा फोटो काढा: रबर, एक-दोन बारीक जाळ्या, प्लॅस्टिकची चकती. मग पांढऱ्या वाटीत सगळं झटका. नव्या बांधकामात काय काय निघतं बघा: वाळू, सिमेंटचे कण, टाइल कापल्याची पांढरी भुकटी, सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकचा) पाइप करवतीनं कापल्याचा भुसा, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे वाळलेले पिवळे तुकडे, टेफ्लॉन टेपचे धागे. नळ जोडण्याआधी लाइन बादलीत सोडून धुवायची असते. कारागीर घाईत असला की ते राहून जातं. मग पहिल्या आठवड्यात लाइनमधली सगळी घाण या बोटाच्या पेराएवढ्या जाळीवर येऊन बसते.

आता जाळीशिवाय नळ उघडा आणि पुन्हा माप घ्या. धार वाकडीतिकडी उडेल, उडू द्या. २५ सेकंदांचे १० झाले तर चोर सापडला. जाळी ब्रशनं उलट बाजूनं घासून धुवा आणि बसवा. महिनाभरानं एकदा पुन्हा उघडून बघा, कारण लाइनमध्ये मागं राहिलेला माल नंतरही येत राहतो.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. आपल्या पट्ट्यात बोअर खोल गेले तसं पुष्कळ ठिकाणी पाणी जड होत गेलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं किती आहे ते प्रयोगशाळा सांगेल, पण चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर येत असेल तर जाळीलाही येणार. त्यात आपला उन्हाळा. हा क्षार पाणी तापलं की जास्त सुटतो, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्याला हात लावून बघा.

हा थर ब्रशनं निघत नाही. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा. कपभर कोमट पाण्यात एक चमचा विरघळवा आणि जाळीचे भाग त्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे येतील, थर सुटेल. पांढरा व्हिनेगरही चालतो. टाचणीनं भोकं कोरू नका. आणि संडास धुवायचं ॲसिड नळाच्या जवळपाससुद्धा आणू नका, त्यानं क्रोम जातं आणि खालचं पितळ काळं पडतं.

जाळीमागच्या त्या प्लॅस्टिकच्या चकतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पाणी वाचवायला ती घातलेली असते. पण तिच्यावरचा आकडा शहरातल्या मोठ्या दाबाला धरून असतो, बहुधा ३ बारला (बार हे दाबाचं माप). समजा ३ बारला ६ लिटर असा हिशेब आहे आणि तुमच्या घरात दाब आहे ०.३ बार. दाब दहाव्या हिश्श्यावर आला की पाणी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे मिनिटाला २ लिटर. एक लिटरला ३० सेकंद. नळ चांगला, जाळी स्वच्छ, आणि तरी पाणी नाही, ते यामुळं. गच्चीवरच्या टाकीच्या बैठ्या घरात ही चकती काढून ठेवायला माझी हरकत नाही. जाळी मात्र राहू द्या, नाहीतर पाणी भांड्यावर आपटून अंगावर उडतं. चकती सुटत नसेल तर जाळीचं तोंड घेऊन दुकानात या. त्याच आट्याची, कमी दाबाला चालणारी साधी जाळी स्वस्तात मिळते.

सिंकखाली

जाळी काढूनही फरक पडला नाही तर सिंकखालचं दार उघडा, डबे बाहेर काढा आणि बॅटरी घ्या.

भिंतीतून बाहेर आलेला छोटा व्हॉल्व्ह म्हणजे अँगल कॉक. तो पूर्ण उघडा आहे का? हसू नका. नळ बसवताना पाणी उडू नये म्हणून कारागीर तो अर्धा ठेवतो आणि तसाच निघून जातो. अर्ध्या फेऱ्याचा कॉक असेल तर मूठ कुठल्या बाजूला पूर्ण उघडते ते फिरवून बघा. जुना पेचाचा असेल तर चार-पाच फेरे देऊन शेवटपर्यंत उघडा.

त्यानंतरची तपासणी अशी. अँगल कॉक बंद करा. कनेक्शन पाइप नळाच्या बाजूनं सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. इथं भलेभले फसतात. बादली खाली जमिनीवर असते आणि नळाचं तोंड तिच्यापेक्षा तीन-चार फूट वर. खाली धरलेल्या पाइपातून पाणी जोरात येणारच. म्हणून पाइपचं तोंड जमेल तेवढं वर, नळाच्या तोंडाच्या पातळीला न्यायचा प्रयत्न करा आणि मग माप घ्या. तिथं पाणी चांगलं आलं तर दोष नळात. नाही आलं तर पाइप कॉकच्या बाजूनंही सोडवा आणि नुसत्या कॉकमधून सोडून बघा. आता चांगलं आलं तर दोष पाइपचा. अजूनही मंदच असेल तर दोष कॉकचा किंवा भिंतीमागचा. तीन मापांत कोण कुठं अडवतंय ते उघडं पडतं.

कनेक्शन पाइपबद्दल मला राग आहे, कारण पाच हजारांचा नळ घेणारा माणूस इथं पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. बाहेरून स्टीलची वेणी दिसते, आतली रबरी नळी किती रुंद आहे ते कोणी बघत नाही. पाइप डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघा, भोक दिसलं पाहिजे. दोन पाइप शेजारी धरले की फरक लगेच कळतो. अठरा इंची पाइप ओढून ताणून बसवला तर टोकाशी मोडतो, फार लांब घेतला तर वेटोळं होऊन दबतो. आणि नट फार आवळला की आतला वायसर चेपून भोकातच शिरतो. हातानं आवळून पान्यानं वर थोडा फेरा, एवढंच पुरे. गळत असेल तर वायसर बदला, जोर लावू नका.

अँगल कॉकच्या आतसुद्धा बारीक जाळी किंवा सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथंही वाळू बसते. कॉक सोडवायचा असेल तर टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह आधी बंद करा. हे लिहायची गरज वाटत नाही ना? दर उन्हाळ्यात कोणीतरी भिजलेल्या शर्टानं दुकानात येतो.

आरओ मशीन बसवताना अँगल कॉक आणि पाइप यांच्या मधे एक तीन तोंडांचा जोड घालतात. त्याचीही मूठ पूर्ण उघडी आहे का, एवढं बघा आणि पुढं चला.

आता मिक्सर. एका मुठीचा मिक्सर दोन बाजूंनी पाणी घेतो, गरम आणि गार. आपल्याकडे स्वयंपाकघरात गिझर नसतो. मग कारागीर गरम बाजूचं तोंड बंद करून टाकतो. घरातले मूठ मधोमध ठेवून नळ उघडतात, कारण ती तशीच छान दिसते. मूठ मधे असली की अर्धं पाणी गरम बाजूनं यायला हवं, आणि ती बाजू तर बंद. पाणी अर्ध्यावर येतं. मूठ पूर्ण गार बाजूला फिरवून माप घ्या, फरक पडला तर हेच कारण. कायमचा इलाज म्हणजे दोन तोंडांचा अँगल कॉक लावून दोन्ही बाजूंना गारच पाणी द्यायचं. आणि गिझर लावायचाच नसेल तर मिक्सर घेता कशाला? साधा एका पाण्याचा सिंक कॉक घ्या. पैसेही वाचतात आणि मिक्सरच्या बुडाला पेचानं बसणारे ते दोन बारीक पाइपही टळतात. पाणी कमी करण्यात त्या पाइपांचा मोठा हात असतो.

एवढं सगळं ठीक निघालं तरच नळाची मूठ काढून आतलं काडतूस, म्हणजे पाणी उघडबंद करणारा भाग (कार्ट्रिज) बघा. मुठीवर लाल-निळ्या टिकलीखाली बारीक स्क्रू असतो. काडतुसाच्या बुडाच्या भोकांत एखादा खडा अडकलेला सापडेल. काढा, धुवा, रबरं जागेवर आहेत बघून बसवा.

टाकीची उंची

आता तो फरक, भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचा.

ठिबकवाल्याला दाब समजावून सांगावा लागत नाही. फिल्टरजवळच्या मीटरवर किलोचा काटा खाली आला की ओळीच्या शेवटच्या झाडाला पाणी पोहोचत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तोच माणूस घरच्या नळाला मात्र आकडा लावत नाही. आकडा सोपा आहे: पाण्याची उंची १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट, तर दाब एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. बार आणि किलो आपल्या कामापुरते एकच धरा. टाकी हजार लिटरची असो की पाच हजारांची, दाब उंचीचा असतो, आकाराचा नाही.

आपल्या बैठ्या घराचा हिशेब करू. स्लॅब जमिनीपासून १० फुटांवर. त्यावर दीड-दोन फुटांचा ओटा, त्यावर टाकी. म्हणजे टाकीचं बूड १२ फुटांवर. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या उंच मानेच्या नळाचं तोंड जमिनीपासून साधारण ४ फुटांवर. उरले ८ फूट, म्हणजे दाब पाव किलोसुद्धा पुरा नाही. टाकी भरलेली असली आणि आत ४ फूट पाणी असलं तर १२ फूट, म्हणजे साधारण ०.३६ किलो. टाकी तळाला आली की तिसरा हिस्सा दाब आपोआप गेला. सकाळी नळ बरा चालतो आणि दुपारी रडतो, तो यामुळं. ज्या नळाची मान फूटभर उंच, तो एक फूट स्वतःच खातो, वरच्या हिशेबात तो आधीच वजा झालाय. जुना पितळी नळ भिंतीत खाली बसलेला होता, त्याचं भोक मोठं होतं आणि त्याला जाळी नव्हती.

नळाच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर किमान दाब छापलेला असतो. पुष्कळ मिक्सरवर तो ०.५ बार किंवा त्याहून जास्त असतो. तिसऱ्या मजल्यावर टाकी असलेल्या इमारतीत तळमजल्यावर तो सहज मिळतो. चोपड्यातल्या बैठ्या घरात नाही मिळत. चहार्डी गावच्या एका काकूंच्या मुलानं पुण्याहून नळ मागवला, काळा, लांब मानेचा, ओढून बाहेर येणाऱ्या फवाऱ्याचा. घरात पन्नास माणसांच्या वरण-बट्टीचा बेत होता आणि त्या नळाखाली गंज (मोठं पातेलं) भरायला बाई बसून राहिली. शेवटी मागच्या अंगणातल्या नळाला पाइप लावून भरून घेतलं. नळ उत्तम होता, पुण्यात. ओढायच्या फवाऱ्यात आत लांब बारीक नळी आणि एकेरी व्हॉल्व्ह असतो, कमी दाबाच्या घरात तो घेऊच नका असं मी तोंडावर सांगतो. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

मग टाकी उंच करावी का? करा, पण किती फायदा होणार ते आधी समजून घ्या. ४ फुटांचा स्टँड केला तर रिकाम्या टाकीचे ८ फूट १२ होतात. दाब दीडपट. पाणी मात्र दीडपट होत नाही, सव्वापटीच्या आसपास होतं. आणि हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. ते स्लॅबच्या मध्यावर ठेवायचं नसतं, खाली कॉलम-बीम कुठं आहेत ते बघून ठेवायचं. जुन्या धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरावर तर विचारूच नका, तिथं टाकीसाठी जमिनीवरून वेगळा लोखंडी मनोरा उभा करा.

भिंतीमागं आणि गच्चीवर

दाब कमी असतो तेव्हा पाइपची जाडी फार महत्त्वाची ठरते. टाकीपासून सिंकपर्यंत सगळीकडे अर्ध्या इंचाचा पाइप ओढलेला असेल तर आहे तो तुटपुंजा दाब वाटेतच खर्च होतो. तेच पाणी पाऊण इंचातून न्यायला साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याचा दाब लागतो. म्हणून टाकीतून एक किंवा सव्वा इंच काढा, स्वयंपाकघरापर्यंत पाऊण आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या दोन-चार फुटांत. माझ्या अनुभवात बैठ्या घरात हा बदल उंच स्टँडपेक्षा जास्त कामाला येतो. भिंत फोडायची नसेल तर टाकीपासून सिंकच्या भिंतीमागून बाहेरच्या बाजूनं नवी पाऊण इंची लाइन उतरवा. दिसायला वाईट, पण चालते.

जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन असेल तर आतून गंजून तिचं भोक बोटाऐवजी पेन्सिल जाईल एवढं उरलेलं असतं. नवा नळ बसवताना हातोडे बसले की गंजाचे पापुद्रे सुटून पुढं येतात, आणि दोष नव्या नळावर येतो. ती बदला, तिला धुण्यात अर्थ नाही.

गच्चीवर टाकीजवळचा गेट व्हॉल्व्ह बघा. चाक फिरतं, पण आतली पाटी तुटून तळाशी पडलेली असते, असं जुन्या व्हॉल्व्हात होतं. टाकीच्या तळाचा गाळही बघा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की टाकीत बोटभर चिखल बसतो आणि तो बाहेर जायच्या तोंडापर्यंत चढतो.

आणि हवा. धार येते, थुंकते, बंद पडते, पुन्हा येते. बाकीचे नळ ठीक आणि एकाच नळाला असं होत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. गच्चीवर पाइप कुठं वर चढून पुन्हा खाली उतरतो का ते शोधा, त्या कुबडात हवा बसते. उन्हाळ्यात जास्त होतं, कारण तापलेल्या पाण्यातून विरघळलेली हवा सुटते. तात्पुरता उपाय असा: पाणी सुटलेलं असताना सरळ लाइनच्या नळाला रबरी पाइप लावा, त्याचं दुसरं टोक हवा अडकलेल्या नळाच्या तोंडाला, जाळी काढून, घट्ट धरा आणि दोन्ही नळ काही सेकंद उघडा. पाणी उलटं चढतं आणि हवा टाकीत जाऊन फुटते. लाइनचं पाणी स्वच्छ झालं असेल तेव्हाच करा, पहिलं लाल-काळं पाणी टाकीत ढकलू नका. कायमचं करायचं तर कुबड काढा आणि टाकीच्या तोंडाजवळच उभा हवेचा पाइप लावा, टाकीच्या वर डोकं काढलेला.

पंप

वरचं सगळं करूनही एक लिटरला २० सेकंद लागत असतील आणि नळ बदलायचा नसेल तर प्रेशर पंप आहे. शंभर-सव्वाशे वॅटचे छोटे पंप एका सिंकला पुरतात. तो टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर बसवायचा, नगरपालिकेच्या लाइनवर कधीच नाही. सरळ लाइनला मोटर लावणं नियमाविरुद्ध आहे, मोटर जप्त होते. शिवाय ओढलेल्या लाइनमध्ये जिथं चीर असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं. ते तुम्हीच पिणार आणि तुमचा शेजारीही.

पंप घेताना तीन गोष्टी विचारा. उन्हाळ्यातलं टाकीचं तापलेलं पाणी त्याला चालतं का? नळ उघडल्यावर आपोआप सुरू व्हायला त्याला निदान किती धार लागते? दाब फारच कमी असेल तर काही पंपांचा स्विच उठतच नाही. आणि पंपाला वळसा घालून जाणारी, एकेरी व्हॉल्व्हची दुसरी वाट ठेवणार का? लाइट गेली की पंप बंद, आणि वळसा नसेल तर नळही बंद. आपल्याकडे लाइट जाते. जुनी जीआय लाइन तशीच ठेवून पंप लावू नका, जोड फुटतात.

दुकानात यायचं असेल तर तोंडी सांगण्यापेक्षा सिंकखालचा फोटो, गच्चीवरच्या टाकीचा फोटो आणि सेकंदांची मापं घेऊन या. माझाही वेळ वाचतो. नळ परत करायचाच असेल तर बिल, खोका, आतली जाळी, चकती आणि ती प्लॅस्टिकची किल्ली असं सगळं आणा. क्रोमवर पकडीचे दात उमटले असतील तर मात्र कंपनी तो घेत नाही, आणि मग मलाही घेता येत नाही.